आजोबांचा गुरुवार आणि माझे शनिवार-रविवार

गेल्या रविवारी सकाळी सकाळीच शेजारचे काका आले. हातात मोबाईल, चष्मा कपाळावर, आणि दारातूनच म्हणाले, "बेटा, हे जरा वाचून सांग बरं." त्यांची मुलगी सप्टेंबरमध्ये डब्लिनला एमएस्सीला चाललीय, आणि तिने तिकडची एक खोली शोधून ठेवलीय, एका फॅमिलीच्या घरात. काकांना त्या जाहिरातीतलं एवढंच नीट कळलं होतं की घरमालकीण त्याच घरात राहते आणि जेवण देते. "म्हणजे फॅमिलीतच राहणार पोरगी, आता काही टेन्शन नाही, बरोबर ना?" असं म्हणून ते चहाला टेकले आणि मी पूर्ण वाचलं तर खाली बारीक अक्षरात होतं, हाफ बोर्ड, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचं जेवण, सोमवार ते शुक्रवार.

मी तिथेच थांबले. काकांना वाटलं काहीतरी फसवाफसवी निघाली. तसं काही नव्हतं, जाहिरात चांगली होती, भाडंपण ठीक होतं. पण हेच "सोमवार ते शुक्रवार" मी स्वतः २०२२ च्या सप्टेंबरात डब्लिनला शिकायला गेले तेव्हा वाचलं होतं आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता, आणि तो कळेपर्यंत दहा आठवडे गेले. काकांना तोंडी सांगितलंच, पण अमळनेर, पारोळा, चोपडा, धुळे इकडून आता बरीच मुलं जातायत आणि सगळ्यांच्या आईवडिलांचं म्हणणं तेच असतं, कुणाच्या तरी घरात राहणार ना, मग झालं. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

पहिली गोष्ट, होस्ट फॅमिली, म्हणजे बाहेरून आलेल्या मुलांना घरात ठेवून घेणारं कुटुंब, या एका नावात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक असते शाळकरी मुलांची एक्सचेंज. आपल्याकडच्या रोटरी क्लबवाल्या घरांना हे माहीत असेल, पंधरा-सोळा-सतरा वर्षांची मुलं वर्षभर दुसऱ्या देशात राहतात, तिथल्या शाळेत जातात, आणि ज्या घरी राहतात त्या घराला त्याचे पैसे मिळत नाहीत, हौसेने ठेवतात. वर्षात एकापेक्षा जास्त घरं बदलतात, म्हणजे दोन-तीन आया होतात त्या मुलाला. एएफएस नावाची आणखी एक संस्था आहे, ती मुळात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना अ‍ॅम्ब्युलन्समधून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची, आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनी ठरवलं की आता शाळकरी पोरांना एकमेकांच्या देशात, एकमेकांच्या घरात ठेवायचं, लोक एकमेकांना ओळखायला लागले तर पुन्हा लढणार नाहीत. मला ही गोष्ट फार आवडते, इतकी मोठी लढाई बघून आलेल्या माणसांना उपाय काय सुचला, तर पोरांना दुसऱ्याच्या घरी जेवायला बसवा.

पण कॉलेजला जाणाऱ्यांचं असं नसतं. तिथे तुम्ही पैसे देऊन राहता. आयर्लंडमध्ये त्याला डिग्ज म्हणतात, एका घरातली एक खोली, सकाळचा नाश्ता, संध्याकाळचं जेवण, आणि घरचे लोक त्याच घरात. डब्लिनमध्ये घरांची इतकी टंचाई आहे की कॉलेज स्वतःच आजूबाजूच्या लोकांना सांगतं, तुमच्याकडे खोली रिकामी असेल तर विद्यार्थी ठेवा, आणि सरकारनेपण त्यासाठी सवलत दिलीय, स्वतःच्या राहत्या घरातली खोली अशी दिली तर वर्षाला १४,००० युरोपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स नाही. त्याच्या वर एक युरो जरी गेला तरी सगळ्याच रकमेवर टॅक्स बसतो, म्हणून लोक हिशोब करून भाडं लावतात. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण जाहिरातीत फॅमिली, होम, वेलकम असे शब्द वाचून आपल्या डोळ्यासमोर मामाचं घर येतं. घरमालकिणीच्या बाजूने बघितलं तर मुलं मोठी होऊन गेलीत, खोली रिकामी आहे, घराचा हप्ता आहे किंवा पेन्शन पुरत नाही. त्यात वाईट काही नाही, उलट स्वच्छ आहे, पण ते मामाचं घर नाही.

आणि हे सोमवार ते शुक्रवार कुठून आलं? तर तिथली गावाकडची मुलं. गॉलवे, मेयो, केरी अशा लांबच्या भागातून डब्लिनला शिकायला येतात, शुक्रवारी दुपारी बस पकडतात, आईच्या हातचं खाऊन, कपडे धुऊन घेऊन रविवारी रात्री परत. म्हणून घरमालकांना पाच दिवसांचीच सवय. भाडंही पाच दिवसांचं. आता मी शुक्रवारी कुठे जाणार? अमळनेरला?

माझ्या पहिल्या घरमालकिणीने मला जा म्हणून सांगितलं नाही. शनिवार-रविवार खोलीत राहिलीस तर चालेल, असं म्हणाली, पण जेवण नाही आणि स्वयंपाकघर नाही, कारण ते दोन दिवस तिची मुलं नातवंडं घेऊन यायची आणि स्वयंपाकघर हीच त्यांची बसायची जागा होती. मी फोनवर लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं हे बोलायचं असतं म्हणून बोलतात, एकदा गेलो की आपोआप बस म्हणतील, घे म्हणतील. आपल्याकडे असं होतं ना, दारात उभ्या माणसाला नको म्हटलं तरी ताट वाढलं जातं.

तसं झालं नाही. पहिल्या शनिवारी खालून भाजलेल्या मटणाचा वास, मुलांचा आवाज, भांड्यांचा आवाज, आणि मी वरच्या खोलीत पलंगावर केळी खात बसलेली. केळीच का, तर ती शिजवायला लागत नाहीत, फ्रीजमध्ये ठेवावी लागत नाहीत, आणि तिथे सगळ्यात स्वस्त फळ तेच. पाच-पाच केळ्यांच्या छोट्या फण्या करून ठेवलेल्या, वर छोटा स्टिकर, लांब दक्षिण अमेरिकेतून आलेली. जळगाव जिल्ह्यातली पोरगी मी, आमच्या मामांच्या रावेरच्या मळ्यात आम्ही केळी कधी मोजून खाल्ली नाहीत, घड उतरवला की जो येईल त्याच्या हातात फणी. आणि तिथे मी दोन दिवसांची मोजायचे, शनिवारी तीन, रविवारी दोन, सोबत ब्रेड आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. चटणी ऑक्टोबरच्या मध्यालाच संपली.

लायब्ररीत जाऊन बसायचे, तिथे मायक्रोवेव्ह होता, पण त्यात गरम काय करणार. बाहेर खायचं तर सगळं दहा-बारा युरो, आणि मी मनात लगेच रुपये करायचे, तो गुणाकार नवीन मुलांना काही खाऊ देत नाही. कामाचा परवाना असतो, कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास आणि ठरावीक सुट्ट्यांत ४०, पण मला काम मिळालं नोव्हेंबरात. घरी काही सांगितलं नाही. पप्पांनी कर्ज काढलेलं, आईला सांगितलं असतं तर तिने जेवण सोडलं असतं. व्हिडिओ कॉलला सोमवार ते शुक्रवारच बसायचे, संध्याकाळच्या ताटासमोर, म्हणजे त्यांना ताट दिसावं.

पकडलं आजीने. आजी अहिराणीतच बोलते, तिला मोबाईलवर बघून बोलायला आवडत नाही, कानाला लावूनच बोलते, त्यामुळे तिला माझं ताट कधी दिसलंच नाही, तिने फक्त आवाज ऐकला. एका रविवारी तिने विचारलं, "जेवनी का व माय?" मी म्हटलं हो. "काय खादं?" मी म्हटलं भाजी-पोळी. ती गप्प बसली, आणि मग एवढंच म्हणाली, "तुना आजाबी असाच व्हता."

आता हे आजोबांचं सांगते. माझे आजोबा पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून शिकायला अमळनेरला आले, पन्नास-एक्कावन्न साल असेल. बाहेरगावचं पोर शिकायला येणं आमच्या गावाला नवं नाही, प्रताप हायस्कूलमुळे अख्ख्या खान्देशातून मुलं यायची, साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथे शिक्षक होते तेव्हा तिथलं छात्रालय तेच बघायचे. आजोबांना छात्रालय परवडत नव्हतं. तिघं मिळून एक खोली आणि जेवायला वार. नवीन मुलांना हे माहीत नसेल, वार म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवड्याच्या सात दिवसांना सात घरं धरायची. आजोबांना सहा मिळाली. एक वकिलांचं, एक किराणा दुकानदाराचं, एक प्रताप मिलमधल्या जॉबरचं, बाकीची नात्यातली. गुरुवार मिळाला नाही.

मग ते गुरुवारी उपास धरायचे. कुणी विचारलं तर दत्ताचा गुरुवार म्हणायचे. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं, तरी शेवटपर्यंत गुरुवार सोडला नाही, आणि आम्ही सगळे, माझे पप्पासुद्धा, समजायचो की आजोबा दत्तभक्त. आमच्या देवघरात दत्ताचा मोठा फोटो आहे तो त्यांच्यामुळेच, आम्हीच आणून लावलेला, त्यांना आवडेल म्हणून.

आजीने त्या रविवारी फोनवर मला हे सांगितलं, आणि त्याच्या पुढचं सांगितलं ते मी विसरू शकत नाही. त्यांच्या खोलीच्या समोरच एक घर होतं, बोळातच. त्या घरच्या काकू रोज यांना येता-जाता बघायच्या. खूप वर्षांनी कुठल्याशा लग्नात त्या भेटल्या, बोलता बोलता वारांचा विषय निघाला, तर त्या म्हणाल्या, अरे, मला वाटलं तुला साती वार आहेत, मी तर वाट बघत होते की कधीतरी विचारशील. चार वर्षं. समोरचं दार. आजोबा लग्नातून घरी आले आणि रात्री आजीला एवढं सांगून झोपले, पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

"लाजशी ते भुकी मरशी," आजी म्हणाली आणि फोन पप्पांकडे दिला.

दुसऱ्या दिवशी मी घरमालकिणीला विचारलं. मला शनिवार-रविवार एक तास तरी स्वयंपाकघर द्याल का, सकाळी लवकर, तुमचे लोक यायच्या आधी. ती नाही म्हणाली. शांतपणे, रागावून नाही, म्हणाली आपलं ठरलंय तसंच राहू दे. मला वाईट वाटलं पण एक हलकंपण वाटलं, की आता कळलं, आता इथे वाट बघत बसायचं नाही. त्याच आठवड्यात कॉलेजच्या अकोमोडेशन ऑफिसमध्ये गेले, यादी घेतली आणि फोन लावत सुटले.

तिथून निघताना डिपॉझिट गेलं. ३०० युरो. दोन आठवड्यांची नोटीस पुरे असं तोंडी ठरलं होतं, निघताना महिना हवा होता असं निघालं, आणि माझ्याकडे लिहिलेलं काहीच नाही, पैसे दिल्याची पावतीसुद्धा नाही. हे प्रत्येकाने नीट समजून घ्या, घरमालक ज्या घरात स्वतः राहतो त्याच घरात तुम्ही खोली घेऊन राहता तेव्हा तुम्ही कायद्याने भाडेकरू नसता. आयर्लंडमध्ये भाडेकरूंच्या तक्रारी बघणारं जे बोर्ड आहे ते तुमचं ऐकत नाही, कारण भाडेकरूंचा कायदाच तुम्हाला लागू नाही, तुम्हाला फक्त राहायची परवानगी असते. म्हणजे जे काही आहे ते तुमच्या दोघांत ठरलेलं, आणि ते कागदावर नसेल तर हवेत. डिपॉझिट अडकलं तर कोर्टाची छोट्या दाव्यांची एक सोय आहे, २,००० युरोपर्यंत, फी २५ युरो, वकील लागत नाही, पण दाखवायला काहीतरी हवं ना. एक मेसेज तरी हवा. मला तेव्हा तीपण सोय माहीत नव्हती.

दुसरं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून कॉलेज. रिटायर झालेल्या नर्स, एकट्याच राहायच्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, आमच्या घरात त्यांना सगळे डब्लिनवाली मावशीच म्हणतात. खोली बघायला गेले तेव्हा दारातच, कोटसुद्धा काढला नव्हता, मी विचारून टाकलं की शनिवार-रविवारचं काय. त्या म्हणाल्या, पाच दिवस मी करते, दोन दिवस मी करत नाही, स्वयंपाकघर तिथे आहे, भांडी घासून ठेवायची. झालं. इतकं सोपं होतं ते.

मग त्यांनी विचारलं, काय खात नाहीस? आणि मी लाजून म्हटलं, एव्हरीथिंग इज ओके. एवढं सगळं होऊनसुद्धा! मी बीफ खात नाही, ते सांगायला काय झालं होतं? पण त्यांना त्रास नको, पहिल्याच दिवशी नखरे नको, असं आपलं डोकं चालतं. मंगळवारी बीफ स्ट्यू आलं, मी म्हटलं भूक नाही. गुरुवारी पुन्हा उरलेलं आलं, मी पुन्हा म्हटलं भूक नाही. त्यांनी चमचा खाली ठेवला, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, मी चाळीस वर्षं पेशंट बघितलेत, भूक नसलेलं माणूस ताटाकडे असं बघत नाही. तू ओके म्हणतेस तेव्हा मला काहीच कळत नाही. हो म्हण नाहीतर नाही म्हण." मी रडले. मग त्यांना सांगितलं, बीफ नाही, पोर्क नाही, चिकन-मासे चालतात, अंडी आवडतात. त्यांनी कागद फ्रीजवर चिकटवला आणि टोस्ट करून दिला. तो दिवस गुरुवार होता, हे मला रात्री झोपताना लक्षात आलं.

बाकी आग्रहाचं म्हणाल तर गंमत अशी की चहाला त्या अगदी आपल्यासारख्या. नको म्हटलं तरी "घेशीलच एक कप", पुन्हा नको म्हटलं तरी "अर्धा तरी", तिसऱ्यांदा कप समोर, दूध घातलेला, कडक. जेवणाला मात्र एकदाच विचारणार. वाढायला घेतलं, बटाटा अजून? नको म्हटलं की भांडं बाजूला. मी पहिले आठ दिवस अर्धपोटी उठले, कारण माझं पहिलं नको हे खरं नको नव्हतं. त्यांच्या मनात काही कमी नव्हतं, तिथे नको म्हणजे नको एवढंच. मुलं मला विचारतात तिथे जायच्या आधी काय शिकून जाऊ, तर मी हेच सांगते, आरशासमोर उभं राहून "हो, मला अजून पाहिजे" असं म्हणायची प्रॅक्टिस करा. मनापासून सांगतेय.

घराचे नियम होते, ते पाळायचेच. सगळ्यात मोठा नियम गरम पाण्याचा. तिथे जुन्या घरांत इमर्शन म्हणून असतं, पाण्याच्या टाकीत बसवलेला हीटर, त्याचं बटण अंघोळीच्या आधी चालू करायचं आणि आठवणीने बंद करायचं. मी एकदा रात्रभर चालू ठेवलं. सकाळी मावशींच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं घर जळलं. वीज महाग, आणि त्या वर्षी तर फारच वाढली होती. मी त्या महिन्यात २० युरो काढून टेबलावर ठेवले, त्यांनी १० घेतले, १० परत दिले आणि विषय संपला. कचऱ्याचे तीन डबे, कुठल्या दिवशी कुठला बाहेर ठेवायचा तेपण मी शिकले, आणि डिसेंबरात साडेआठच्या पुढे उजाडतं नि चारच्या सुमारास अंधार पडतो तेव्हा अंगणातला दिवा लावायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. घरात एखादं काम आपल्या वाटणीला आलं की बरं वाटतं, पाहुण्यासारखं अवघडलेपण जातं.

जानेवारीत मी भरीत केलं. आपल्याकडे थंडीत भरीत नाही म्हणजे हिवाळाच आला नाही असं वाटतं, शेतात कपाशीच्या वाळलेल्या काट्यांवर वांगी भाजायची, लाकडी बत्त्याने ठेचायची, हिरवी मिरची-लसूण, कांद्याची पात, तेलात तळलेले शेंगदाणे, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. तिथे ती जळगावची पांढरट हिरवी मोठी वांगी कुठून मिळणार, काळी-जांभळी चकचकीत मिळाली, सालीला जाड. ओव्हनच्या ग्रिलखाली ठेवली, साल फुटायला लागली, तो ओळखीचा धुराचा वास आला, माझ्या डोळ्यात पाणी, आणि तेवढ्यात स्मोक अलार्म सुरू. मावशी वरून धावत आल्या, हातात टॉवेल, अलार्मखाली उभं राहून टॉवेल हलवतायत, मी खिडक्या उघडतेय, बाहेर दोन डिग्री. अलार्म थांबला. त्या वांग्याकडे बघत राहिल्या, काळं झालेलं, पाणी सुटलेलं, आणि विचारलं, हे फेकायचं ना? मी म्हटलं नाही, हेच खायचं.

त्यांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या. मिरची जास्त होती. मग त्यांच्या काळपट ब्रेडवर आधी लोणी लावलं, वर भरीत पसरलं, आणि तसं पूर्ण खाल्लं. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतः वांगी आणली, आणि ग्रिल लावायच्या आधी खिडकी उघडून ठेवली.

पहिल्यांदा भरीत केलं त्याच रात्री बटाट्याचं बोलणं झालं. मी बघितलं होतं की त्या उकडलेला अर्धा बटाटासुद्धा टाकत नाहीत, दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून खातात. मी विचारलं. त्यांनी १८४५ सालचं सांगितलं, बटाट्यावर करपा पडला, वर्षामागून वर्षं पीक सडलं, साधारण दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली, आणि त्याच काळात तिथून धान्य जहाजाने बाहेर जात होतं. त्यांच्या आईकडे तर नियमच होता की ताटात बटाटा राहिला तर उठायचं नाही. मी त्यांना आजीचा बहात्तरचा दुष्काळ सांगितला, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली, आणि परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, मिलोची भाकरी, जी आजी अजून नावानेही काढत नाही.

मग आजीला फोन लावला, स्पीकरवर. आजी अहिराणीत, त्या त्यांच्या इंग्लिशमध्ये, मी मधे. आजीचा पहिलाच प्रश्न, की पोर तुमच्याकडे किती भाकरी खाते. मावशी म्हणाल्या, आता नीट खाते, आधी खोटं बोलायची. मी हे आजीला भाषांतर करून सांगितलं नाही. पण आजीला आवाजावरून कळलं असणार, ती हसली.

सगळ्यांना असं घर मिळत नाही. माझ्याच वर्गातला धुळ्याचा एक मुलगा पूर्ण वर्ष अशा घरात राहिला जिथे नऊनंतर जिन्याचा आवाज चालत नव्हता, आणि तो सांगतो की ठीक होतं, अभ्यास झाला. एकीला महिन्यात तिसरं घर. आणि खोलीच नसलेल्या जाहिरातीपण असतात, फोटो दुसऱ्याच घराचा, मालक म्हणे परदेशात आहे, आधी डिपॉझिट पाठवा म्हणतो. खोली बघितल्याशिवाय, निदान व्हिडिओवर ते घर आणि तो माणूस दोन्ही बघितल्याशिवाय एक पैसा पाठवू नका. अठराच्या आतलं मूल पाठवत असाल तर त्या घरातल्या मोठ्या माणसांची पोलीस पडताळणी झालीय का हे आधी विचारा, आयर्लंडमध्ये गार्डा व्हेटिंग म्हणतात, विचारण्यात काही अपमान नसतो. बँकेसाठी पत्त्याचा पुरावा लागतो, तर मालक पत्र देणार का. कपडे धुणं भाड्यात आहे का. पाहुणा आलेला चालतो का. ख्रिसमसला त्यांच्या घरी माणसं आली तर तुम्ही कुठे.

हे सगळं मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अगं पण एवढं विचारलं तर ती बाई म्हणेल ही पोरगी भांडखोर दिसते, देईल का खोली? मी म्हटलं, काका, तिला पाच दिवसांचं जेवण द्यायचंय, सात दिवसांचं आपण तिच्या मनात गृहीत धरलंय, आणि ते तिला माहीतच नाही.

काल संध्याकाळी त्यांची मुलगी आमच्याकडे आली. आमच्या ओट्यावर बसूनच फोन लावला, इकडे सात, तिकडे दुपारचे अडीच. तिने वहीत प्रश्न लिहून आणले होते, हात थरथरत होता, पहिली दोन मिनिटं हवा कशी आहे त्यावरच गेली. मी वहीवर बोट ठेवलं. तिने डोळे मिटले आणि एका दमात विचारलं, मी विकेंडला घरी जाऊ शकणार नाही, माझं घर भारतात आहे, मी सात दिवस राहू शकते का आणि शनिवार-रविवार मला स्वयंपाक करता येईल का. पलीकडून जरा वेळ काही आलं नाही. काका उभेच राहिले. मग त्या बाई म्हणाल्या की हो, त्यांनी हा विचारच केला नव्हता, बरं झालं विचारलंस, आठवड्याला २० युरो जास्त पडतील, आणि ओव्हनचा एक दरवाजा नीट लागत नाही तो दाखवून देते. मुलगी म्हणाली, हे सगळं मला मेसेजमध्ये लिहून पाठवाल का? त्या म्हणाल्या, आत्ताच पाठवते.

फोन ठेवला. काका लगेच वीस गुणिले करत बसले. आजी आतल्या दारात तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं आणि तिथूनच विचारलं, "कितला वार भेटनात व?"

"साती, आजी," ती म्हणाली.